रानपिंगळा: वर्गीकरण आणि आढळक्षेत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानपिंगळा म्हणजे नेमका कोणता पक्षी?

मध्य आणि पश्चिम भारताच्या पानझडी जंगलात राहणारं एक छोटं घुबड. लांबी साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास साळुंकीएवढी. पण डोकं मोठं, चोच दणकट आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात, दोन्ही नावं एकाच पक्ष्याची. शास्त्रीय नाव अथेने ब्लेविटी. जुन्या पुस्तकांत हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असं सापडेल, त्यामागची हकिकत खाली आहे. भारताबाहेर हा पक्षी कुठेही आढळत नाही, आणि भारतातही त्याचं ठाऊक असलेलं क्षेत्र मोजक्या जंगलांपुरतं आहे.

गावात, वाड्याच्या भिंतीत किंवा आंब्याच्या ढोलीत दिसतो तो पिंगळा हाच का?

नाही. तो ठिपकेदार पिंगळा, अथेने ब्रामा. तो भारतभर आहे आणि माणसांच्या वस्तीला सरावलेला आहे. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठसठशीत पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, तपकिरी राखाडी दिसतो. ठिपके असलेच तर इतके पुसट की दुरून कळत नाहीत.

मग जंगलात दिसणारा प्रत्येक पिंगळा रानपिंगळा असतो का?

तेही नाही. त्याच जंगलांत जंगली पिंगळा राहतो, तो वेगळ्या प्रजातीचाच नव्हे तर वेगळ्या वंशाचा पक्षी आहे, ग्लॉसिडियम रेडिएटम. त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असतात, डोक्यापासून पोटापर्यंत. ठिपकेदार पिंगळाही जंगलाच्या कडेला येतो. तिघे एकाच टेकडीवर सापडू शकतात, म्हणून नुसतं "घनदाट रानात दिसला" एवढ्यावर ओळख ठरवू नये.

रानपिंगळा ओळखताना मी या क्रमाने पाहायला सांगेन. आधी माथा: कोरा आहे का? मग छाती: वरच्या भागावर गडद तपकिरी, सलग पट्टा आहे का? मग पोट: मधला भाग स्वच्छ पांढरा आणि पट्टे फक्त कडांना आहेत का? शेवटी पंख आणि शेपूट: तिथे रुंद, गडद-पांढरे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला पांढरी किनार. चारही खुणा जुळल्या तर ओळख पक्की धरायला हरकत नाही. एखादीच जुळली तर थांबावं, पुन्हा पाहावं.

वागणुकीचीही एक खूण आहे. हा पिंगळा दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात सालईच्या किंवा सागाच्या निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतो, मान खाली घालून जमिनीवरच्या पाचोळ्याकडे टक लावतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकत राहतो. मग एकदम खाली झेप, आणि बहुतेक वेळा चोचीत सरडा किंवा सापसुरळी.

वर्गीकरणात त्याची जागा कुठे आहे?

पक्षी वर्ग, घुबडांचा गण स्ट्रिजिफॉर्मीस, कुळ स्ट्रिजिडे, वंश अथेने. गव्हाणी घुबड टायटोनिडे या दुसऱ्या कुळात जातं, त्यामुळे ते रानपिंगळ्याचं दूरचं नातलग. जवळचे नातलग म्हणजे आपला ठिपकेदार पिंगळा, युरोप-आशियातला छोटा पिंगळा अथेने नॉक्चुआ आणि अमेरिका खंडातलं बिळात राहणारं घुबड अथेने क्युनिक्युलारिया.

हेटेरोग्लॉक्स की अथेने? पुस्तकं एकमत का नाहीत?

कारण प्रश्न खरोखरच अवघड होता.

ब्रिटिश अधिकारी आणि पक्षिअभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्यासमोर एकच नमुना होता. तो त्यांना इतका निराळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी नवा वंशच उभा केला, हेटेरोग्लॉक्स. पुढच्या अभ्यासकांनी हा वेगळेपणा फार मानला नाही; आकार साधारण सारखा, रंग साधारण सारखे, म्हणून त्याला अथेनेमध्ये ढकललं गेलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्रहालयातली जुनी कातडी, म्हणजे भरून जपलेले पक्ष्यांचे नमुने, पुन्हा बारकाईने पाहिली गेली तेव्हा मोठी कवटी, दणकट चोच, पिसांनी झाकलेली बोटं, पंख-शेपटीवरचे पट्टे हे सगळं ठिपकेदार पिंगळ्यापेक्षा खूपच वेगळं आहे असं पुन्हा पुढे आलं. शंभराहून अधिक वर्षं न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये जिवंत सापडला, त्याची दिवसा शिकार करण्याची आणि शेपूट झटकण्याची सवय कळली, आणि हेटेरोग्लॉक्सची बाजू आणखी भक्कम वाटू लागली. त्या काळातल्या अनेक लेखांत म्हणून जुनं नाव परत आलेलं दिसतं.

बाह्य रूपावरून एवढंच कळतं की दोन पक्षी किती वेगळे दिसतात. ते एकमेकांपासून कधी आणि कोणत्या क्रमाने फुटले, हे दिसण्यावरून ठरत नाही. शिकारीची पद्धत बदलली की डोकं, चोच, पाय तुलनेने लवकर बदलू शकतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या जनुकीय अभ्यासाने हा गुंता बराच सोडवला. त्या वंशवृक्षात रानपिंगळा अथेने वंशाच्या फांदीच्या आतच बसतो. तो वेगळा काढून हेटेरोग्लॉक्स वंश टिकवायचा, तर अथेने हा वंशच अपुरा ठरतो, कारण एकाच पूर्वजाचे सगळे वंशज एका नावाखाली असावेत हा आजच्या वर्गीकरणाचा पाया आहे.

माझ्या मते अथेने ब्लेविटी हेच नाव आता वापरावं. ह्यूम यांनी ज्या वेगळेपणावर बोट ठेवलं तो मात्र खरा होता. प्रजाती म्हणून तिच्या स्वतंत्र असण्याबद्दल आज शंका उरलेली नाही.

त्याच्या उपजाती आहेत का?

नाहीत. ही एकरूप प्रजाती मानली जाते.

पहिला नमुना कुठे मिळाला?

डिसेंबर १८७२ मध्ये, बसना-फुलझर भागात. तेव्हा तो मध्य प्रांतात होता, आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. नमुना मिळवणारे एफ. आर. ब्लेविट; त्यांच्या सन्मानार्थच ब्लेविटी हे नाव. त्यानंतर १८७७ मध्ये भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियार भागात एक मिळाला. आणि मग १८८० ते १८८४ च्या दरम्यान जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने थेट दुसऱ्या टोकाला, खानदेशात, आणखी काही नमुने गोळा केले.

नमुन्याला बांधलेल्या जुन्या चिठ्ठीवर "खानदेश" लिहिलेलं असलं तर आजचा नकाशा सांभाळून लावावा. तेव्हाचा खानदेश जिल्हा म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा निघाला. त्यामुळे शहाद्याची एकच टेकडी एका कागदावर खानदेश, दुसऱ्यावर धुळे आणि तिसऱ्यावर नंदुरबार अशी दिसते. आढळक्षेत्र वाढलं किंवा सरकलं असा भास यातून सहज होतो.

१८८४ नंतर तो शंभराहून अधिक वर्षं दिसलाच नाही, हे कसं?

दिसत असेल, पण खात्रीने ओळखला गेला नाही. स्थानिक लोकांनी रानात घुबड पाहिलंच असणार, मात्र तीन सारख्या दिसणाऱ्या पिंगळ्यांतून हा वेगळा काढायला कोणाकडे चांगलं चित्र नव्हतं, आवाजाची माहिती नव्हती, आणि जी कातडी होती ती दूरच्या संग्रहालयांतल्या खणांत होती. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञांनीही शोध घेतला, हाती काही आलं नाही. मधल्या काळात आलेल्या नोंदी तपासल्यावर टिकल्या नाहीत.

त्याखेरीज आणखी एक कारण होतं, ते पुढच्या प्रश्नात.

१९१४ मध्ये गुजरातेत मिळालेला नमुना खोटा होता म्हणतात. खरं काय?

खोटाच होता, आणि आढळक्षेत्राचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश सैन्याधिकारी आणि नावाजलेले पक्षिसंग्राहक. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचं एक कातडं होतं, त्याच्या चिठ्ठीवर तापीकाठचं मांडवी, गुजरात आणि १९१४ साल असं लिहिलेलं. हे मान्य केलं तर दोन गोष्टी निघतात: पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षं होता, आणि त्याचं क्षेत्र पश्चिमेला गुजरातपर्यंत पोहोचत होतं. अनेक दशकं पुस्तकांनी हे मान्यच केलं.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी या कातड्याची तपासणी केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक संग्राहकाची कातडं सोलण्याची, भरण्याची, शिवण्याची आपली एक ढब असते. क्ष-किरण चित्रं आणि बारीक निरीक्षण यातून दिसलं की हे कातडं एकदा तयार झालेलं, मग उसवून पुन्हा भरलेलं आहे; आणि मूळ हातकाम डेव्हिडसन यांचं आहे. म्हणजे खानदेशातला, एकोणिसाव्या शतकातला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून उचलला गेला आणि खोटं ठिकाण, खोटी तारीख लावून नव्याने मांडला गेला.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि नाव असतं. पक्ष्याचं कातडं खरं असूनही ती चिठ्ठी खोटी निघाली, तर नकाशावर एक खोटा ठिपका उमटतो. लोक तिथे जाऊन शोधतात, सापडत नाही, आणि मग "बहुधा नामशेष झाला" असा समज बळावतो. एका पक्ष्याच्या चोरीने पिढ्यान्‌पिढ्यांचा शोध भलतीकडे वळवला, हे मला कुठल्याही चोरीपेक्षा गंभीर वाटतं.

मग १९९७ मध्ये तो सापडला कसा?

खोटा ठिपका वगळल्यामुळे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे खऱ्या नमुन्यांची ठिकाणं घेऊनच निघाले. आधी पूर्वेकडच्या, म्हणजे ब्लेविट आणि बॉल यांच्या जागा पाहिल्या. तिथे निराशा झाली. मग डेव्हिडसन यांचा खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, किंग यांना उघड्या फांदीवर बसलेला एक पिंगळा दिसला. माथा कोरा, पाय पांढरे भरदार. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. त्यांनी चित्रीकरण केलं, खुणा ताडून पाहिल्या, आणि ओळख पक्की झाली.

आज तो कुठे कुठे आढळतो?

मुख्य आधार सातपुडा. पश्चिमेकडून निघालं तर नंदुरबारमधला तळोदा, शहादा आणि तोरणमाळचा परिसर. जळगावातलं यावल अभयारण्य. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर आणि खंडवा जिल्ह्यांतली जंगलं, त्यात खकनार आणि कालीभीतचा भाग. आणि अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट. मेळघाट व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे तिथलं जंगल सलग आणि संरक्षित राहिलं, त्याचा फायदा या पिंगळ्यालाही मिळाला.

या पट्ट्याबाहेरच्या दोन नोंदींनी चित्र बदललं. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईच्या उत्तरेला असलेल्या तानसा अभयारण्यात तो दिसला. आणि दक्षिण गुजरातेत, डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही तो असल्याचं समोर आलं.

तानसाच्या नोंदीचं एवढं अप्रूप का?

कारण तोवर हा सातपुड्याचा पक्षी मानला जात होता, आणि तानसा तर सातपुड्याच्या बरंच दक्षिणेला, सह्याद्रीच्या पश्चिम उताराला लागून आहे. डांगची नोंद त्याच्या जोडीला ठेवली की लक्षात येतं, सातपुडा, डांग आणि उत्तर सह्याद्रीचा पायथा यांच्यामध्ये पानझडी जंगलाची तुटक का होईना, साखळी आहे. त्या साखळीत मधेमधे तो असण्याची शक्यता आता गंभीरपणे घ्यावी लागते.

तानसा काही दुर्गम जागा नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचं हे जंगल, पक्षिनिरीक्षकांच्या येण्या-जाण्यातलं. तरीही तिथे हा पक्षी २०१४ पर्यंत नोंदीत नव्हता. आपण ज्याला आढळक्षेत्राचा नकाशा म्हणतो तो बऱ्याच अंशी डोळसपणे शोध कुठे झाला याचा नकाशा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डांगमध्ये सापडला म्हणजे माइनर्ट्झहागेन बरोबर होते का?

नाही. हा प्रश्न अगदी नेहमी येतो. पक्षी गुजरातेत आहे हे आजच्या खऱ्या पुराव्यांवरून कळलं. मांडवीची चिठ्ठी तरीही खोटीच राहते, कारण ते कातडं तिथलं नव्हतं.

छत्तीसगड आणि ओडिशात आज तो आहे का?

ज्या भागातून ही प्रजाती जगाला कळली तिथेच तो नंतरच्या शोधमोहिमांत आढळला नाही. फुलझर भागातलं मैदानी जंगल शेतीखाली बरंच गेलं आहे. त्यामुळे नकाशावर पूर्वेकडचे ते दोन ठिपके "ऐतिहासिक" म्हणून वेगळ्या रंगात दाखवावेत. त्यांना सातपुड्याशी सलग रंगाने जोडणारे नकाशे मी दिशाभूल करणारे मानतो, कारण मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये त्याच्या वस्तीचा पुरावा नाही.

त्याला कोणतं जंगल लागतं?

उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जंगल. साग, सालई, धावडा, मोई अशी झाडं, फार दाट नसलेली, मधेमधे मोकळी जागा. सदाहरित जंगलात त्याला शोधू नये.

शिकार जमिनीवरची असल्यामुळे खालचं दिसायला हवं. सरडे आणि सापसुरळ्या हा आहाराचा मोठा भाग, शिवाय उंदीर, किडे, बेडूक, क्वचित लहान पक्षी. घरटं झाडाच्या नैसर्गिक ढोलीत, त्यामुळे जुनी, जाड खोडाची झाडं अत्यावश्यक. वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळात आणि अंडी बहुधा दोन.

सागाची लागवड भरपूर आहे, मग तो सगळीकडे का नाही?

एकाच वयाच्या सागाच्या रांगांत ढोली कुठून येणार? खोड जुनं होऊन, फांदी मोडून, आतून पोकळ व्हायला खूप वर्षं लागतात, आणि लागवडीतलं झाड त्याआधी तोडलं जातं. हिरवा रंग उपग्रहचित्रात सारखाच दिसतो. म्हणून केवळ वनाच्छादन पाहून त्याचं क्षेत्र आखलं तर ते फुगतं.

"आढळक्षेत्र" आणि "प्रत्यक्ष वस्ती" यात फरक काय?

सर्वांत बाहेरच्या नोंदी जोडून जी सीमा बनते तिला आढळाचा विस्तार म्हणतात. तानसा, डांग, तोरणमाळ, मेळघाट जोडले की भलं मोठं क्षेत्र तयार होतं, त्यात शेतं, शहरं, महामार्ग सगळं येतं. प्रत्यक्ष वस्तीचं क्षेत्र मोजताना आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या पद्धतीनुसार २ किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात, म्हणजे प्रत्येकी ४ चौरस किलोमीटर, आणि ज्या चौकोनात पक्षी आहे तेवढेच धरतात. तानसाच्या एका नोंदीने पहिला आकडा एकदम वाढला, दुसरा जेमतेम एका चौकोनाने. बातमीत "क्षेत्र वाढलं" वाचलं की कोणतं, हे आधी विचारावं.

२०१८ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा खाली आला. म्हणजे संख्या वाढली का?

तसा अर्थ काढू नये. आययूसीएनच्या वर्गवारीत आधी तो अतिसंकटग्रस्त यादीत होता, २०१८ पासून संकटग्रस्त यादीत आहे. पूर्वीच्या अंदाजापेक्षा अधिक ठिकाणी तो असल्याचं सर्वेक्षणांतून कळलं, म्हणून अंदाज सुधारला गेला. आजचा अंदाज २५० ते ९९९ प्रौढ पक्ष्यांचा आहे. एका संपूर्ण प्रजातीसाठी हा आकडा फार छोटा आहे. जंगलतोड, अतिक्रमण, वणवे, आणि घुबडांबद्दलच्या अंधश्रद्धेतून होणारी शिकार हे धोके तसेच आहेत.

कायद्याचं संरक्षण आहे का?

आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये त्याचा समावेश आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या परिशिष्ट १ नुसार बंदी आहे.

मला रानपिंगळा दिसला असं वाटतं. नोंद कशी करू?

आधी छायाचित्र. समोरून एक आणि शक्य असेल तर मागून एक, म्हणजे छातीचा पट्टा, कोरा माथा आणि शेपटीचे पट्टे तिन्ही दिसतील. आवाज ऐकू आला तर मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, जवळची झाडं आणि पक्षी काय करत होता हे तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या तपशिलात पुस्तकातलं वर्णन मिसळतं. ठिपकेदार आणि जंगली पिंगळा का नसावा, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहा. तपासणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडतं ते हेच.

बोलावण्यासाठी मुद्रित आवाज वाजवू नका, विशेषतः विणीच्या महिन्यांत. नोंद वनविभागाला आणि जाणकार अभ्यासकांना द्या. घरट्याचं किंवा ढोलीचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. तिथे तालुका आणि महिना एवढंच पुरे.